खोट्या केसमधून सुटल्यावर नुकसानभरपाईचा दावा: एका वर्षाचा हिशेब

फौजदारी केसमधून निर्दोष सुटलेला माणूस पुढचे काही महिने कोर्टाचं नाव काढत नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. चार-पाच वर्षं तारखा केल्यावर त्या आवाराकडे बघावंसंही वाटत नसतं. मग कधीतरी लग्नात किंवा बाजारात तोच फिर्यादी समोर येतो, काहीतरी बोलतो आणि जुनी जखम उघडी पडते. माणूस वकिलाकडे येऊन विचारतो, ‘साहेब, याच्यावर आता नुकसानभरपाईचा दावा लावता येईल का?’ माझा उलट प्रश्न एकच असतो: निकालाची तारीख काय? त्या तारखेला वर्ष उलटून गेलं असेल, तर केस किती खोटी होती, किती दिवस आत काढले, नोकरी कशी गेली, यातलं काहीही ऐकून उपयोग नसतो.

दुष्ट हेतूने केलेल्या खटल्याबद्दल भरपाई मागायची असेल तर मुदत कायद्यातली, म्हणजे लिमिटेशन अ‍ॅक्ट १९६३ मधली, मुदत १ वर्षाची आहे. अनुसूचीतला अनुच्छेद ७४. दावा दुबळा असला तर तो लढता तरी येतो, मुदतबाह्य दावा उभाच राहत नाही. म्हणून या लेखात आधी तारीख आणि मग बाकीचं.

पहिली पायरी: खटला नेमका कधी संपला ते ठरवा

अनुच्छेद ७४ म्हणतो की वादी, म्हणजे भरपाईचा दावा लावणारा, निर्दोष सुटला किंवा खटला अन्य प्रकारे संपला, त्या दिवसापासून वर्ष मोजायचं. फिर्याद दिली गेली तो दिवस, अटकेचा दिवस किंवा जामिनाचा दिवस यांचा इथे संबंध नाही. केस आठ वर्षं चालली असली तरी हरकत नाही, घड्याळ सुरू होतं ते शेवटी.

मात्र शेवट अनेक प्रकारचा असतो.

खटला पूर्ण चालून मॅजिस्ट्रेटने किंवा सेशन कोर्टाने निर्दोष सोडलं, तर निकालाचा दिवस. खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि अपिलात सुटका मिळाली, तर अपिलाच्या निकालाचा दिवस. पुरावाच नाही म्हणून आरोप ठेवण्याआधी डिस्चार्ज मिळाला, तर त्या हुकुमाचा दिवस. हायकोर्टाने गुन्हाच रद्द केला, ज्याला आपण ‘क्वॉशिंग’ म्हणतो, तर हायकोर्टाच्या हुकुमाचा दिवस.

आता महाराष्ट्रातला एक खास प्रकार. पोलीस तपास करून दोषारोपपत्र न पाठवता ‘समरी’, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपी सापडला नाही. ‘बी’ समरी म्हणजे फिर्यादच खोटी, द्वेषाने दिलेली. ‘सी’ समरी म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची तक्रार. तुमच्या प्रकरणात ‘बी’ समरी गेली असेल तर तुमच्या हाती चांगला कागद आहे. पण पोलिसांनी ती पाठवली म्हणून प्रकरण संपत नाही, मॅजिस्ट्रेटने ती मंजूर करावी लागते. त्याआधी फिर्यादीला नोटीस जाते आणि त्याला विरोध करता येतो. नोटीस फिर्यादीला जाते, तुम्हाला नव्हे. समरी मंजूर झाली आणि आरोपीला वर्षभर पत्ताच नाही, असं घडू शकतं. अनुच्छेद ७४ मध्ये ‘वादीला कळलं तेव्हापासून’ असे शब्द नाहीत. त्यामुळे तपास थंडावला असं वाटलं की पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या फौजदारी विभागात अधूनमधून विचारत राहा. दोषारोपपत्र गेलं असेल तर काम सोपं: ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर टाकला की निकालाची तारीख दिसते.

वादाचा मुद्दा आहे अपिलाचा. तुम्ही सुटलात, आणि सरकारने किंवा फिर्यादीने सुटकेविरुद्ध अपील किंवा रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, केलं. आता वर्ष मूळ सुटकेपासून मोजायचं की वरच्या कोर्टाने ते फेटाळलं तिथपासून? वेगवेगळ्या हायकोर्टांचे निकाल यावर एकसारखे नाहीत. काहींनी पहिली तारीख धरली, काहींनी शेवटची. माझा सल्ला सरळ आहे: पहिली तारीख धरून दावा लावून टाका. अपील प्रलंबित असेल तर दिवाणी कोर्टाला तसं सांगून सुनावणी थांबवून ठेवायची विनंती करता येते. उलट, अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबलात आणि कोर्टाने पहिली तारीख धरली, तर परतीची वाट नाही.

दुसरी पायरी: वर्ष मोजा, आणि गैरसमज काढून टाका

निकालाचा दिवस सोडून मोजायचं. निकाल १२ जून २०२५ चा असेल तर दावा दाखल करायचा शेवटचा दिवस १२ जून २०२६. त्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी दाखल केलेला दावा मुदतीत धरतात. शेवटचा दिवस मे महिन्याच्या सुट्टीत येत असेल, तरी या सवलतीच्या भरवशावर राहू नका. एप्रिलमध्येच दाखल करा.

सगळ्यात जास्त घात होतो तो नकलेमुळे. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल हातात घेऊन तिचा मागचा भाग बघा. तिथे शिक्का असतो आणि त्यात तारखा भरलेल्या असतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, नक्कल दिल्याची. ज्यांनी कधी अपील केलंय त्यांना या तारखा पाठ असतात, कारण अपिलात नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. तीच सवय लोक इथे लावतात. ‘नक्कल मिळायला चाळीस दिवस लागले, म्हणजे चाळीस दिवस वाढले.’ नाही वाढले. ती वजावट अपील, रिव्हिजन अशा कामांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही. नक्कल उशिरा मिळाली तरी वर्ष निकालाच्या दिवसापासूनच.

दुसरा गैरसमज विलंब माफीचा. ‘उशीर झाला तर अर्ज देऊ, कारण दाखवू, आजारी होतो म्हणून सांगू.’ मुदत कायद्याचं कलम ५ ज्या माफीबद्दल बोलतं ती अपिलांना आणि अर्जांना आहे. दाव्याला नाही. आजारपण खरं असो, घरात मृत्यू झालेला असो, न्यायाधीशांना कितीही वाईट वाटो, त्यांच्या हातात काही नसतं. आणि प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही, तरी कलम ३ प्रमाणे कोर्टाने आपणहून दावा फेटाळायचा असतो.

तिसरा, वकिलाच्या नोटिशीचा. खासगी माणसावर दावा लावायला आधी नोटीस द्यावीच लागते असं नाही. दिलीत तर हरकत नाही, पण तिने घड्याळ थांबत नाही. ‘नोटिशीला उत्तर येऊ दे, मग बघू’ यात दोन-तीन महिने आरामात जातात.

काही खऱ्या वजावटी आहेत. चांगल्या हेतूने पण अधिकार नसलेल्या कोर्टात दावा चालवला, तर तो काळ कलम १४ खाली वगळता येतो. प्रतिवादी भारताबाहेर असेल तर त्याच्या गैरहजेरीचा काळ कलम १५ खाली वगळला जातो. फिर्याद देऊन परदेशी निघून गेलेल्या नातेवाइकांच्या बाबतीत हे उपयोगी पडतं. पण या वजावटी वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या लेखी अर्जात, स्पष्ट लिहाव्या लागतात आणि सिद्ध कराव्या लागतात. अडचणीत हात देणारी सोय आहे ती. तिच्यावर विसंबून वेळापत्रक आखू नये.

मध्येच थोडं थांबून: त्याच प्रकरणातली दुसरी घड्याळं

लोक ‘मानहानी, बेकायदा अटक आणि खोटी केस’ या तिन्हींची भरपाई एकाच दाव्यात, सुटकेनंतर मागायची असं ठरवून बसतात. तिन्हींची मुदत १ वर्षच आहे, पण तिन्ही वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात.

बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल भरपाई हवी असेल तर अनुच्छेद ७३ लागतो आणि वर्ष कैद संपल्यापासून सुरू होतं, म्हणजे सहसा जामिनावर बाहेर आलात त्या दिवसापासून. छापील किंवा लेखी बदनामीसाठी अनुच्छेद ७५ आहे, आणि वर्ष मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून. तोंडी बदनामीला अनुच्छेद ७६. म्हणजे फिर्यादीने २०२० मध्ये तुमच्या ऑफिसला पत्र पाठवून ‘हा चोर आहे’ असं कळवलं असेल, आणि तुम्ही २०२५ मध्ये सुटलात, तर त्या पत्राबद्दलचा वेगळा दावा केव्हाच मुदतबाह्य झालाय. ते पत्र फिर्यादीचा हेतू दाखवणारा पुरावा म्हणून मात्र आजही कामाचं आहे. ते फाडून टाकू नका.

तिसरी पायरी: दाव्यात दम आहे का?

सुटका झाली म्हणजे भरपाई मिळणारच, असं कायदा म्हणत नाही. वादीला साधारण पाच गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. प्रतिवादीनेच खटला चालवला किंवा चालवायला लावला. तो खटला वादीच्या बाजूने संपला. खटला करायला वाजवी आणि सयुक्तिक कारण नव्हतं. प्रतिवादीचा हेतू वाईट होता. आणि त्यातून वादीचं नुकसान झालं. वेस्ट बेंगॉल स्टेट इलेक्ट्रिसिटी बोर्ड विरुद्ध दिलीप कुमार रे या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे घटक नीट मांडले आहेत. वकिलाला तो निकाल माहीत असतोच, तुम्हीही एकदा वाचा.

पाचपैकी तिसरी आणि चौथी गोष्ट जीव काढतात. कारण नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. नसलेली गोष्ट सिद्ध करायची!

फौजदारी निकाल इथे जेवढा वाटतो तेवढा मदतीला येत नाही. त्या निकालातून ‘हा माणूस सुटला’ एवढं सिद्ध होतं. फौजदारी न्यायाधीशांनी ‘फिर्यादी खोटं बोलतोय’ असं लिहिलं असलं, तरी दिवाणी कोर्ट ते जसंच्या तसं उचलत नाही, स्वतः पुरावा घेऊन स्वतंत्र मत बनवतं. त्यामुळे ज्यांना वाटतं की निकालाची नक्कल जोडली की काम झालं, त्यांची निराशा होते. साक्षीदार पुन्हा आणावे लागतात.

मग दम कशात असतो? फिर्यादीने ‘मी स्वतः पाहिलं’ असं म्हटलं होतं का, हे आधी बघा. समजा, बांधावरून भांडण चालू आहे. शेजाऱ्याने फिर्याद दिली की रात्री दहा वाजता तुम्ही त्याच्या विहिरीवरची मोटर काढून नेताना त्याने डोळ्यांनी पाहिलं. खटल्यात उघड झालं की त्या रात्री तो तालुक्याच्या दवाखान्यात भरती होता, केसपेपरवर त्याची सही आहे. इथे चुकीला जागा नाही. बघितलंच नाही तर ‘बघितलं’ हे जाणूनबुजून खोटं, आणि कारण नसणं व वाईट हेतू दोन्ही एकाच गोष्टीतून निघतात. आता उलट बाजू: त्याच शेजाऱ्याची मोटर खरोखर चोरीला गेली, गड्याने सांगितलं की अंधारात तुमच्यासारखा कुणी दिसला, आणि शेजाऱ्याने तेवढ्यावर तुमचं नाव दिलं. तुम्ही निर्दोष असाल, केस खोटी निघाली असेल, पण त्याला तसं वाटायला काहीतरी आधार होता. जुनं भांडण असूनही हा दावा पडण्याची शक्यता जास्त.

‘वाईट हेतू’ म्हणजे केवळ वैर नव्हे. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी याखेरीज दुसऱ्या कामासाठी फौजदारी कायदा वापरला, तर तोही वाईट हेतूच. जागा खाली करून घ्यायला, उधारी वसूल करायला, निवडणुकीतून नाव मागे घ्यायला लावायला. फिर्यादीआधी आलेले मेसेज, ‘सही कर नाहीतर आत टाकतो’ अशा धमक्या, फिर्यादीनंतर तडजोडीसाठी मागितलेली रक्कम या गोष्टी इथे सोन्यासारख्या.

‘संशयाचा फायदा’ देऊन सुटका झाली असेल, साक्षीदार फितूर झाले म्हणून केस पडली असेल, तर दावा लावता येत नाही असं नाही, पण वाट चढणीची आहे. आणि आपसात मिटवून केस संपली असेल तर विसरा. तडजोडीने मिटलेल्या गुन्ह्याचा परिणाम कायद्यात सुटकेसारखा असला, तरी तुम्ही सही केलेल्या तडजोडपत्रात बहुधा ‘एकमेकांविरुद्ध काही तक्रार राहिलेली नाही’ असं वाक्य असतं, आणि ते वाक्य समोरचा वकील सगळ्यात आधी दाखवतो.

चौथी पायरी: दावा कुणावर?

मॅजिस्ट्रेटपुढे थेट खासगी फिर्याद केली असेल तर प्रश्न नाही, फिर्यादी हाच खटला चालवणारा. पोलीस केसमध्ये मात्र कागदावर खटला सरकारचा असतो, आणि प्रतिवादी म्हणतो, ‘मी फक्त माहिती दिली, पुढचं पोलिसांनी केलं.’ या पळवाटेला १९०८ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, गयाप्रसाद विरुद्ध भगतसिंग या प्रकरणात बांध घातला. फिर्याद खोटी आहे हे माहीत असून ती दिली, पोलिसांना दिशाभूल करणारा पुरावा पुरवला, खोटे साक्षीदार उभे केले, तर खरा खटला चालवणारा तोच. पण त्याने अज्ञात इसमाविरुद्ध फिर्याद दिली आणि तुमचं नाव पोलिसांनी तपासात काढलं, तर त्याला पकडता येत नाही.

प्रोसेस, म्हणजे आरोपीला कोर्टात बोलावणारा हुकूम, निघाली नाही म्हणजे खटलाच झाला नाही, हेही खरं नाही. १९४७ च्या मोहम्मद अमीन विरुद्ध जोगेंद्र कुमार बॅनर्जी या प्रकरणात मॅजिस्ट्रेटने केवळ चौकशी करून फिर्याद फेटाळली होती. तरी त्या उघड चौकशीत नुकसान होण्याजोगा टप्पा गाठला गेला, म्हणून दावा चालण्याजोगा ठरला.

पोलिसांवर किंवा सरकारवर दावा लावायचा असेल तर कंबर कसून उतरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे २ महिन्यांची नोटीस लागते. राज्य सरकारला ती शासनाच्या सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची, अधिकाऱ्याला त्याच्या हातात किंवा कार्यालयात. नोटिशीत दाव्याचं कारण, तुमचं नाव-पत्ता आणि मागणी हवी, आणि ती दिल्याचा उल्लेख वादपत्रात हवा. हे २ महिने मुदतीतून वगळले जातात, पण त्याच दाव्यात खासगी फिर्यादीही प्रतिवादी असेल, तर त्याच्यापुरतं वर्ष न वाढवता मोजलेलं बरं.

त्याहून धारदार आहे महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१. कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा असेल, तर तो त्या कृत्यापासून ६ महिन्यांत लावावा लागतो आणि त्याआधी किमान १ महिन्याची नोटीस द्यावी लागते. ‘खोटं काम हे कर्तव्य कसं?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण साठच्या दशकात खोट्या पंचनाम्याचा आरोप असलेल्या एका हेड कॉन्स्टेबलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कृत्य याच आवरणाखालचं मानलं. सहा महिने कुठून मोजायचे यावर वाद घालता येतो. वाद घालण्याची वेळ येऊ न देणं शहाणपणाचं. पोलीस प्रतिवादी करायचे असतील तर सुटकेच्या निकालाच्या आठवड्यातच नोटिशी तयार करा. हे कलम महाराष्ट्राच्या कायद्यातलं आहे. गोव्यात किंवा इतर राज्यांत केस चालली असेल तर तिथल्या वकिलालाच विचारा.

पाचवी पायरी: कागद

निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज टाका. निकालासोबत एफआयआर, दोषारोपपत्र, जामिनाचा हुकूम, फिर्यादीचा जबाब आणि त्याची पूर्ण उलटतपासणी यांच्या नकला मागा. उलटतपासणी हा तुमचा सगळ्यात किमती कागद, कारण तो उद्या दिवाणी कोर्टात वेगळं बोलला तर जुनं बोलणं त्याच्यासमोर ठेवता येतं. रोजनाम्याची नक्कलही घ्या. किती तारखांना तुम्ही हजर होता ते त्यात दिसतं, आणि प्रवासखर्च व बुडालेल्या मजुरीचा हिशेब त्यावरच उभा राहतो.

नुकसानीचे कागद वेगळ्या फाइलमध्ये: वकिलांच्या फीच्या पावत्या, निलंबनाचं पत्र, पगारपत्रकं, बंद ठेवलेल्या दुकानाचे हिशेब, औषधोपचार, मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलायला तयार असलेला एखादा मध्यस्थ. वकिलाला रोख दिलेले आणि पावती न घेतलेले पैसे सिद्ध करणं कठीण जातं, म्हणून आत्ताच मागून घ्या.

सहावी पायरी: कोर्ट, फी आणि वादपत्र

दावा दिवाणी कोर्टात. रकमेनुसार कनिष्ठ स्तर किंवा वरिष्ठ स्तर, मुंबईत सिटी सिव्हिल कोर्ट. केस लातूरला चालली आणि फिर्यादी पुण्यात राहतो, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे दोन्हींतलं एक ठिकाण तुम्ही निवडायचं. स्वतःच्या गावचं कोर्ट निवडा, तिथे तुमचे साक्षीदार असतात.

कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते. म्हणून रागाच्या भरात एक कोटी लिहू नका. कोर्ट बहुतेकदा मागणीपेक्षा बरंच कमी देतं, आणि जास्तीच्या रकमेवर भरलेली फी अंगावर पडते. मागणीचे दोन भाग करा: हिशेबाने दाखवता येणारं नुकसान, आणि अब्रू, मनस्ताप, स्वातंत्र्य यांबद्दलची ठोक रक्कम.

वादपत्रात दाव्याचं कारण कधी घडलं ही तारीख ठळक लिहिलेली हवी, आणि दावा मुदतीत कसा आहे याचा स्वतंत्र परिच्छेद हवा. वादपत्र वाचूनच दावा मुदतबाह्य दिसत असेल तर त्याच संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली ते दारातच नाकारलं जातं. हेतूबद्दल ‘प्रतिवादीने द्वेषाने केलं’ एवढंच न लिहिता, कुठला वाद, कधीची धमकी, कोणासमोर, हे लिहा.

पुढे समन्स, प्रतिवादीची कैफियत म्हणजे लेखी उत्तर, कोर्टाने ठरवलेले वादाचे मुद्दे, तुमची साक्ष मांडणारं सरतपासाचं शपथपत्र, मग तुमची उलटतपासणी. हो, तुमचीच. समोरचा वकील फौजदारी केसमधले सगळे आरोप पुन्हा तुमच्यासमोर ठेवणार. काही लोक हे सहन होत नाही म्हणून मध्येच दावा सोडतात. सुरुवातीलाच ते मनाशी धरून चला. आणखी एक कडू बाब: हा वैयक्तिक इजेचा दावा असल्याने वादी वारला तर दावाही बहुधा त्याच्याबरोबर संपतो, वारसांना पुढे चालवता येत नाही. मद्रास हायकोर्टाच्या पूर्णपीठाने शंभर वर्षांपूर्वी असंच ठरवलं होतं. वय झालेल्या वादीच्या वकिलाने लवकर सुनावणीचा अर्ज द्यायलाच हवा.

दाव्याशिवायचे मार्ग

मॅजिस्ट्रेटपुढची केस असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २७३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम २५०, लक्षात ठेवा. वाजवी कारण नसताना आरोप केला असं दिसलं तर सोडताना मॅजिस्ट्रेट फिर्यादीला खुलासा विचारून भरपाई द्यायला लावू शकतात. रक्कम मोठी नसते, मॅजिस्ट्रेटच्या दंडाच्या मर्यादेइतकीच. पण वेगळी कोर्ट फी नाही, वेगळा दावा नाही. हे निकालाच्या वेळीच व्हायला हवं, म्हणून अंतिम युक्तिवादातच मागणी करायला वकिलाला सांगा. ही भरपाई मिळाली तरी दिवाणी दावा बंद होत नाही, फक्त ती रक्कम तिथे विचारात घेतली जाते.

सरकारी यंत्रणेनेच अन्याय केला असेल तर हायकोर्टात रिट याचिकेचा मार्ग असतो. १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अटक झालेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ५० लाख रुपये देवविले, आणि पुढे २०२० मध्ये केरळ सरकारने दाव्यात तडजोड करून १.३ कोटी दिले. अटकेपासून तिथवर किती वर्षं गेली ते मोजा. चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी वेगळा कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली होती. तसा कायदा झालेला नाही, म्हणून सामान्य माणसाला आजही हाच वर्षभराच्या मुदतीचा दावा.

वर्गणी काढून दावा लावण्याआधी एक व्यवहारी प्रश्न विचारा: समोरच्याकडे आहे काय? डिक्री, म्हणजे भरपाईचा हुकूम, मिळाल्यावर वसुलीसाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा वेगळा अर्ज, लावावी लागते, आणि ज्याच्या नावावर ना जमीन ना पगार, त्याच्याकडून जप्तीत काही निघत नाही. नुसत्या निकालाच्या समाधानासाठी लढणारे असतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते आधी ठरवून लढावं.

मुदतीचे चारच दिवस उरले असतील तर

सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. निकालाची नक्कल नसेल तर ई-कोर्ट्सवरची प्रत जोडा आणि नक्कल नंतर दाखल करण्याची परवानगी मागा. पूर्ण कोर्ट फी हाताशी नसेल तर जमेल तेवढी भरून वादपत्र द्या आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली उरलेली भरायला वेळ मागा. देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर, पण वेळ मिळाला तर दाव्याची तारीख हातून जात नाही. फी भरण्याची ऐपतच नसेल तर ऑर्डर ३३ खाली निर्धन म्हणून दावा चालवण्याचा अर्ज द्या. त्या बाबतीत मुदत कायदा अर्ज दिल्याचा दिवस हाच दावा लावल्याचा दिवस मानतो. वकील परवडत नसेल तर त्याच कोर्टाच्या इमारतीत तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि कमी उत्पन्न असलेले यांना तिथून मोफत वकील मिळतो. अर्ज देताना निकालाची तारीख वरच लाल शाईने लिहा, आणि दावा दाखल झाल्यावर नोंदणी क्रमांक व तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.